जवळची मान

अकरा वर्षं मी तिच्यावर कोपर टेकवलं,
वर हिरव्या बनातीचा तुकडा अंथरून.

या वाद्याला दोन माना. एक लांबची, एक माझ्या पोटाशी.
दहा तारा तिकडे, दहा इकडे.
इनास मास्तरांनी मला लांबची शिकवली.
जवळचीचं विचारलं की म्हणायचे, 'मागीर,'
आणि पाव चहात बुडवायचे.

मी वीजखात्यात लाइनमन.
कुडतरीला त्यांच्या दारात झावळी पडून तार तुटली होती.
जोडली, फ्यूज बसवला,
आणि खांबावरून उतरायच्या आत घरातून आवाज आला:
माणसाचा नव्हे, वाद्याचाही नव्हे,
शेवटची फेरी चुकून धक्क्यावर उभं राहिलेल्याचा.
मला वाटलं, माझ्याच हातून काही भलतं जोडलं गेलं.

तारा मला कळतात, असा माझा समज होता.
खांबावरची तार ओढताना थोडा झोळ ठेवावा लागतो,
थंडीत आखडली तर तुटू नये म्हणून.
इथे झोळ चालत नाही.
झोळ असलाच तर तो वाजवणाऱ्यात.

लांबच्या मानेवर पहिल्या दोन तारा रांगेत नसतात.
मधले सूर वर येऊन बसलेले,
लग्नघरात पाहुणे ओसरीवर झोपतात तसे.
त्यांना ओलांडायला मला दोन वर्षं लागली.
मग डावा पाय दोन पेडलांवर,
पोलादी दांडी तारेवरून सरकायची
आणि सां जुझे आरियालच्या फेस्तात
नवरीच्या आईचं नाक लाल व्हायचं.
रडवणं मला जमलं होतं. त्याचे पैसे मिळायचे.

मार्चमध्ये मास्तर स्विंडनला गेले,
नातवंडांना शाळेत सोडायला.
वाद्य टेम्पोत चढवताना काही बोलले नाहीत,
फक्त बिस्किटांचा डबा दिला, आत सुट्या तारा.

कुडचड्याला घरी आणून बनात उचलली.
खालच्या तारांवर गंज,
नेमका माझ्या कोपराएवढा.

नव्या तारा चढवल्या. कागदावर लिहून घेतलं, तळापासून वर:
सा म ध सा ग प ध सा ग प.
पायऱ्याच. कुणी रांग मोडत नाही.
म मात्र एकदाच, तळाशी,
पुढे कुणी त्याचं नाव काढत नाही.
भजनाच्या पेटीवर बसलेला माणूस मी, म्हटलं, सोपं आहे.

सोपं नाही.
पाय सवयीने डावीकडे जातो,
दाबलं की वाकते ती लांबची मान,
जिच्यावर आता माझा हातच नाही.
इथे काहीच हलत नाही.
गुडघा कुणाला तरी ढोसतो, ते दुसऱ्याच घरात ऐकू येतं.
आणि ही मान रडत नाही.
रडवायला गेलो तर ऐकून घेते,
संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसासारखी,
ज्याला कुठेच जायचं नाही.
शेजारचे सावर्डेकर कुंपणावरून विचारतात,
'आज शॉर्टसर्किट काय?'

आठवं पेडल दाबलं की तळातला सा
आणखी खाली जातो, ध वर,
रस्त्यावरून खनिजाचा भरलेला ट्रक गेल्यासारखा.
प्रेमाची भांडी हलतात.
ती म्हणते, 'परत कर तेवढंच.'
तेवढंच करतो. चाळीस वेळा.

काल रात्री मास्तरांचा फोन आला.
मी तो स्टुलावर ठेवला आणि एक स्वरगुच्छ वाजवला,
एकच, सात तारांचा,
विरेपर्यंत दांडी उचलली नाही.
पलीकडे केटलीचा आवाज. एक मूल इंग्रजीत काहीतरी मागत होतं.
मग मास्तर म्हणाले,
'धावी तार देंवल्या.'
आणि फोन ठेवला. त्यांच्याकडे शाळा सुटायची वेळ होती,
किंवा नव्हती.

मी किल्ली घेतली, कान तारेशी नेला.
थोडी वर.
अजून थोडी.